उभी गाडी, बसलेली बॅटरी

दोन महिने एका जागी उभी असलेली मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी. छतावर 300 वॉटचं सौर पॅनेल, आत दिवे लख्ख, फ्रिज गार, पाण्याचा पंपही सुरू. पण किल्ली फिरवली की बॉनेटखालून फक्त कट्-कट्-कट् असा आवाज येतो. सेल्फ काही लागत नाही.

तो आवाज नीट ऐकण्यासारखा असतो. सेल्फच्या मोटरला बॅटरीशी जोडण्याचं काम सोलेनॉइड करतो. बॅटरीत उरलेल्या थोड्याशा जोरावर तो मोटर जोडतो. जोडल्याबरोबर मोटर शेकडो अँपिअर मागते, बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं आणि सोलेनॉइडची पकड सुटते. पकड सुटली की भार जातो, व्होल्टेज सावरतं आणि सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. एका सेकंदात हे अनेकदा घडतं, म्हणून ती कटकट.

छतावर एवढं ऊन पडत असताना ही बॅटरी उपाशी का राहिली? कारण मोटरहोममध्ये बॅटऱ्या दोन असतात आणि सौर पॅनेल बहुतेक वेळा एकीलाच जोडलेलं असतं. दिवे, पंप, फ्रिज चालवणारी ती घराची बॅटरी. तिच्या प्लेटा जाड असतात, त्यामुळे ती खोलवर उतरून पुन्हा भरणं सहन करते. स्टार्टर बॅटरीच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. पृष्ठभाग मोठा असल्यामुळे ती काही सेकंदांत प्रचंड प्रवाह देऊ शकते, पण रिकामी होणं तिला मानवत नाही. इंजिन चालू होताना तिच्या साठ्यातला अगदी थोडा भाग खर्च होतो आणि इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारा आल्टरनेटर तो लगेच भरून काढतो.

गाडी उभी राहिली की आल्टरनेटर थांबतो, खर्च मात्र थांबत नाही. अलार्म, घड्याळ, ट्रॅकर, इंजिनाचा संगणक यांचा मिळून 30 मिलिअँपिअर प्रवाह धरला, तर दिवसाला 0.72 अँपिअर-तास जातात आणि 30 दिवसांत 21.6. बॅटरी 70 अँपिअर-तासांची असेल तर महिन्यात जवळजवळ तिसरा हिस्सा संपला. बॅटरी आपणहून उतरते ते वेगळंच, आणि उन्हाळ्यात ते आणखी वेगाने होतं.

खरं नुकसान यानंतर सुरू होतं. शिसे-आम्ल बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होत जातं. बॅटरी लगेच चार्ज केली तर हे सल्फेट विरघळून पुन्हा मूळ पदार्थांत बदलतं. पण आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे बारीक कण एकत्र येऊन मोठे, कडक स्फटिक होतात. मग चार्जर लावूनही ते पुरते सुटत नाहीत, आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. कडाक्याच्या थंडीत आणखी एक धोका असतो. उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल इतकं पाणचट झालेलं असतं की ते शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठू शकतं. सेल्फ वारंवार मारून बॅटरी जितकी खराब होते, त्याहून कितीतरी जास्त ती अर्धी उतरलेली पडून राहिल्याने होते असं मला ठामपणे वाटतं.

वरचा हिशेब उलटा वाचला तर दिलासा मिळतो. दिवसाची गरज 0.72 अँपिअर-तास, म्हणजे 1 अँपिअरचा प्रवाह रोज तासभर मिळाला तरी तूट भरून निघते. त्यासाठी मोठं पॅनेल नको. प्रश्न आहे तो वाटेचा.

दोन्ही बॅटऱ्यांचे धन टोक सरळ वायरने जोडले तर रात्री फ्रिज स्टार्टर बॅटरीही पिऊन टाकेल, आणि सेल्फ मारताना त्याच बारीक वायरमधून घराच्या बॅटरीचा जोरदार प्रवाह धावेल. छतावरच्या पॅनेलची वायर थेट स्टार्टर बॅटरीला लावणंही चुकीचं. 36 सेलचं पॅनेल उन्हात 18 व्होल्टच्या आसपास काम करतं. बॅटरी भरली तरी त्याचा रेटा थांबत नाही, व्होल्टेज 14.4 च्या वर चढतं आणि आम्लातल्या पाण्याचं हायड्रोजन व ऑक्सिजनमध्ये विघटन होऊ लागतं. मध्ये व्होल्टेज आवरणारं उपकरण, म्हणजे चार्ज कंट्रोलर हवाच.

काही कंट्रोलरना स्टार्टर बॅटरीसाठी दुसरा, लहान आउटपुट असतो. नसेल तर दोन बॅटऱ्यांमध्ये एक छोटं उपकरण बसवतात. ते घराच्या बॅटरीचं व्होल्टेज पाहतं. ऊन लागून ते वर चढलं की थोडासा प्रवाह पुढे सोडतं, मागे मात्र काहीच येऊ देत नाही. साधा सिलिकॉन डायोडही एकाच दिशेने प्रवाह सोडतो, पण त्यात 0.6 ते 0.7 व्होल्ट खर्च होतात. घराच्या बॅटरीच्या 13.6 व्होल्टमधून 13 च्या आसपासच उरले तर बॅटरी पूर्ण भरायला रेटा अपुरा पडतो. व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, म्हणजे रिलेही चालतो. तो साधारण 13.3 व्होल्टला जोडतो आणि 12.8 ला तोडतो. घराची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर मात्र गफलत होते, कारण ती भार नसतानाही 13.3 च्या आसपास असते. रिलेला वाटतं चार्जिंग सुरूच आहे, आणि तो रात्रभर जोडलेला राहतो.

वायरची काळजी अनेकांना नको तितकी वाटते. जाण्यायेण्याची मिळून 10 मीटर, 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर 1 अँपिअरला जेमतेम 0.12 व्होल्ट खाते. फ्यूजची काळजी मात्र घ्यावीच, आणि तो वायरच्या दोन्ही टोकांना, बॅटऱ्यांच्या अगदी जवळ असावा. वायर कुठे घासून उघडी पडली तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते आणि इन्सुलेशन पेट घेतं.

काम जमलं का, हे पहाटे ऊन येण्याआधी मल्टिमीटरने पाहावं. संध्याकाळचा आकडा फसवतो, कारण नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचं व्होल्टेज काही तास फुगलेलंच असतं. पहाटे 12.7 च्या आसपास आकडा दिसला तर बॅटरी भरलेली, 12.2 ला अर्धी. आणि ऊन चांगलं असूनही आकडा रोज थोडा थोडा उतरत असेल, तर पॅनेलवर चढण्याआधी तो छोटा फ्यूज काढून बघावा.