गणपतीआधी नवं फ्लोअरिंग? जरा थांबा

कोल्हापुरात घराच्या डागडुजीला जोर येतो तो गौरी-गणपतीच्या तोंडावर. रंग, पडदे आणि हल्ली जुन्या शहाबादीवर व्हिनाइलचा रोल, नाहीतर लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट. फरशी फोडावी लागत नाही, काम झटपट उरकतं. रसायनशास्त्राला विचाराल तर याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही.

लॅमिनेटवरची सागवानी छटा म्हणजे छापलेला कागद. त्याखाली लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, आणि ते तंतू धरून ठेवणारं रेझिन बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचं. स्वस्त, मजबूत, पण ओलाव्याशी वैर. दमट हवेतलं पाणी बोर्डात शिरतं, रेझिनचे बंध तुटतात आणि फॉर्मल्डिहाइड सुटतो. हा उणे १९ अंशांनाच उकळतो, त्यामुळे घरात तो वायूरूपातच असतो. ‘चार दिवसांत वास जाईल’ हे दुकानदाराचं म्हणणं गोंदातल्या सॉल्व्हंटपुरतं बरंचसं खरं. रेझिनचं तुटणं मात्र मंदपणे वर्षानुवर्षं चालतं आणि ऊब-दमटपणा वाढला की वेग घेतं. त्यात पावसाळ्यात आपण खिडक्या लावून बसतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, तुमच्या हॉलमध्ये धोका किती ते नाही. घरात आधी जाणवतं ते डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाची सरासरी.

व्हिनाइलची गोष्ट वेगळी. ते असतं पीव्हीसी या प्लास्टिकचं. मुळात कडक असलेलं पीव्हीसी मऊ करायला त्यात अनेकदा थॅलेट नावाची द्रव्यं मिसळतात. ही द्रव्यं हवेत फारशी उडत नाहीत. सावकाश बाहेर येऊन धुळीला चिकटतात. वास जवळजवळ नाहीच, त्यामुळे नाकावर विसंबून उपयोग नाही. रांगणाऱ्या बाळाचे हात त्या धुळीतून थेट तोंडात जातात. स्वीडनमधल्या २००४ च्या एका अभ्यासात घरातल्या धुळीतली थॅलेट आणि मुलांचा दमा, ॲलर्जी यांचा संबंध दिसला होता. कारण तेच, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण कोरड्या झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणं बरं, एवढं तरी त्यातून घेता येतं.

खरी गडबड होते ती ओल्या काँक्रीटवर व्हिनाइल चिकटवलं की. सिमेंट अल्कधर्मी असतं. ओल, अल्कली आणि गोंद किंवा थॅलेट एकत्र आले की विघटन होऊन २-इथाइल हेक्झानॉल नावाचं, वास येणारं अल्कोहोल तयार होतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेल्या शाहूपुरीसारख्या भागातल्या तळमजल्यांना म्हणून जास्त जपायला हवं. वरून कोरडी दिसणारी जमीन आतून ओली असू शकते, आणि व्हिनाइल ती ओल कोंडून ठेवतं.

तपासणं सोपं आहे. दीड फुटी चौकोनी जाड प्लास्टिक जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा, रात्रभर राहू द्या. सकाळी खाली दव किंवा काळपट डाग दिसला, तर काम दिवाळीनंतर ढकला. लॅमिनेटच घ्यायचं असेल तर खोक्यावर ई१ (बोर्डातून फॉर्मल्डिहाइड किती सुटतो त्याची श्रेणी) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची खूण बघा. आणि जुनी शहाबादी धड असेल तर तिला पॉलिश करून घ्या. दगडातून यातलं काहीच सुटत नाही.