ओव्हरटाइम (भारतीय कामगार कायद्यातला)

ठरलेल्या तासांच्या वर केलेलं काम आणि त्याचे जादा पैसे, दोन्हीला ओव्हरटाइम किंवा नुसतं 'ओटी' म्हणतात. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ प्रमाणे (२१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत) दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम गेलं की कलम ५९ लागायचं आणि जादा तासांचे पैसे डबल रेटने द्यावे लागायचे. इथपर्यंत कोणाचा वाद नाही, वाद आहे तो डबल कशाचं करायचं याचा.

तासांची मर्यादा एकदम आलेली नाही. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुख्यतः लहान मुलांपुरता होता, मोठ्या पुरुषांना १९११ मध्ये कापड गिरण्यांपुरती १२ तासांची मर्यादा मिळाली, मग १९२२ ला आठवड्याचे ६०, १९३४ ला बारमाही कारखान्यांत ५४ आणि १९४६ ला ४८ तास. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून १८९० ला मुंबईच्या गिरण्यांत मिळालेली रविवारची सुट्टी हीच या सगळ्याची सुरुवात असं काही लेखक मानतात. ते अर्धंच पटतं, कारण ती सुट्टी गिरणीमालकांच्या संघटनेने मान्य केली होती, कायद्यात साप्ताहिक सुट्टी पुढच्या वर्षी आली. डबल रेट कुठून आला हेही तितकं सरळ नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या पहिल्या करारात किमान सव्वापटच होती (आणि भारताला त्यात आठवड्याच्या ६० तासांची खास सवलत होती), दुप्पट आपल्याकडे चाळीसच्या दशकात, बहुधा १९४६ च्या दुरुस्तीतच आली असावी.

आता मूळ मुद्दा. कलम ५९(२) म्हणत होतं की नेहमीचा दर म्हणजे बेसिक अधिक कामगाराला मिळणारे भत्ते, अगदी स्वस्त धान्याच्या सवलतीची रोख किंमतसुद्धा, फक्त बोनस आणि ओटीचे पैसे सोडून. म्हणजे घरभाडं धरायचं. पण बऱ्याच पगारपत्रकांत बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) यांवरच ओटी काढलेला दिसतो. समजा बेसिक-डीए मिळून १४,५६० रु. आणि घरभाडं ४,१६० रु. आहे. २६ दिवस गुणिले ८ म्हणजे २०८ तासांनी भागलं तर तासाला ७० आणि २० रु. येतात. घरभाडं सोडलं तर ओटी तासाला १४० रु., धरलं तर १८० रु. तासामागे ४० रुपयांचा फरक, आणि दोनशे माणसांच्या प्लांटमध्ये, जिथे दर महिन्याला ओटी लागतोच, तिथे थकबाकीचा दावा आला की हा आकडा कुठे जातो ते अकाउंट्सवाल्यांना विचारा.

नव्या संहितांनी हे सोडवलंय की उलट केलंय यावर दोन मतं आहेत. वेतन संहिता २०१९ (२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू) वेतनाच्या व्याख्येतून घरभाडं आणि प्रवासभत्ता बाहेर काढते, पण बाहेर काढलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या वर गेल्या तर वरचा भाग परत वेतनात धरायला लावते. वरच्या उदाहरणात ही मर्यादा ओलांडली जात नाही, म्हणजे नुसती व्याख्या लावली तर १४० रु.च निघतात. काहींच्या मते पूर्वीपासून मिळणारा जास्तीचा दर असा कमी करता येणार नाही, आणि जपून वागणाऱ्या मालकाने तूर्त हेच धरून चालावं.

किमान वेतनाच्या बाबतीत मात्र जुनं उत्तर आहे. १९७२ मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुप्पट करायची ती प्रत्यक्ष मिळणाऱ्या पगाराची, सरकारने ठरवलेल्या किमान दराची नाही. कोविडच्या काळात गुजरात सरकारने १२ तासांची पाळी आणि जादा तासांना साधाच रेट अशी सूट दिली होती, ती सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २०२० ला रद्द केली, साथ म्हणजे फॅक्टरी कायद्याच्या कलम ५ मधली 'सार्वजनिक आणीबाणी' नव्हे असं म्हणत.

कॉम्प-ऑफ दिला की ओटी फिटला हा समज चुकीचा आहे, भरपाई सुट्टी बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीपोटी असते. ठेकेदाराने पैसे बुडवले तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली मूळ मालकाला भरावे लागत, म्हणून ठेकेदाराच्या माणसांचं मस्टरही तपासायची पद्धत पडली. दुकानं आणि ऑफिसं वेगळ्या कायद्यात येतात, महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यात तिथेही डबल रेट आणि तीन महिन्यांत १२५ तासांची मर्यादा ठेवली होती.