टर्की फ्रायर दोन: एक कढई, एक तंदूर

टर्की पक्षी शिजवण्याचा थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत दारातच टर्की फ्रायरचे खोके रचलेले दिसतात. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन खोक्यांवर नाव जवळपास एकच, दोन्ही प्रोपेनवर चालणारे, दोन्हींवर खरपूस पक्ष्याचा तोच फोटो. फरक एवढाच की एकावर ‘ऑइल-लेस’ हा जादा शब्द असतो. तो नजरेतून सुटला की घोळ सुरू होतो, कारण तेलाच्या फ्रायरच्या कृती ऑइल-लेसला लागू पडत नाहीत आणि उलट केलं तर आगच लागू शकते.

खरं म्हणजे ऑइल-लेसला फ्रायर म्हणणंच चूक आहे. त्यात काहीही तळलं जात नाही. पहिली कढई आहे, दुसरा तंदूर. एवढं डोक्यात पक्कं बसलं की अंगणात असो की कॅम्पवर, पुढचे बहुतेक निर्णय आपोआप बरोबर येतात.

तेलाचा फ्रायर म्हणजे लोखंडी स्टँड, त्याखाली मोठा बर्नर आणि वर सुटं ठेवायचं उंच पातेलं, बहुधा ३० क्वार्टचं, म्हणजे सुमारे २८ लिटरचं. ऑइल-लेसमध्ये सुटं पातेलं नसतं. ते एकसंध पिंप असतं: भिंत दुहेरी, तोंड उघडं, तळाशी चरबी गळायला भोक आणि त्याखाली ओढून काढायचा ट्रे. यातला सगळ्यांत ओळखीचा म्हणजे चार-ब्रॉइल कंपनीचा ‘बिग ईझी’. त्याचा बर्नर तासाला १६,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) आणि पक्षी १६ पौंडांपर्यंतचा मावतो. ज्योतीची धग दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत खेळते, आतली भिंत तापते आणि ती भिंत अवरक्त किरणांनी पक्ष्याला चहूबाजूंनी भाजते. पंखा नसतो, त्यामुळे हा ओट्यावरच्या एअर फ्रायरचा थोरला भाऊही नव्हे. हिवाळ्यात रायगडकडे पोपटी लावतात तिथेही हेच तत्त्व आहे: मडक्यात ना तेल ना पाणी, बाहेरून जाळ, आत शेंगा आणि कोंबडी. पोपटीचं तोंड भांबुर्ड्याच्या पाल्याने बंद असल्यामुळे वाफ आतच कोंडते; इथे तोंड उघडं, म्हणून कातडी कोरडी होऊन कुरकुरीत होते.

या पिंपात ‘थोडंसं तरी तेल’ म्हणून ओतायचं नाही. तळाला भोक आहे. ओतलेलं तेल तापलेल्या बर्नरच्या शेजारून थेट ट्रेमध्ये उतरतं आणि पेट घेऊ शकतं. पक्ष्याच्या अंगाला चोळायला दोन-तीन चमचे तेल पुरतं.

आता वेळ. ३५० अंश फॅरनहाइटच्या (१७७ सेल्सियस) तेलात पौंडामागे साधारण साडेतीन मिनिटं लागतात. ऑइल-लेसमध्ये पौंडामागे ८ ते १० मिनिटं धरा. १४ पौंडांची टर्की तेलात पाऊण तासाच्या थोडं पुढे होते, ऑइल-लेसमध्ये दोन ते सव्वादोन तास घेते. म्हणून तेलाचा फ्रायर झटपट वाटतो. पण साडेतीन गॅलन तेल तापायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि ते हात लावण्याइतकं निवायला कित्येक तास. घराच्या अंगणात पातेलं रात्रभर तसंच ठेवता येतं, कॅम्पवर ते राखत बसावं लागतं.

दोन्ही यंत्रांतला खरा फरक पाण्याशी आहे. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १,७०० पट होतं. पोटात बर्फाचा खडा राहिलेली टर्की तळपत्या तेलात सोडली की पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं, तेल उसळून पातेल्याबाहेर येतं आणि खालच्या ज्योतीवर पडतं. अमेरिकेतली अग्निसुरक्षेची संस्था एनएफपीए तेलाचे टर्की फ्रायर वापरूच नका असं सांगते ते यामुळेच. तरीही वापरणार असाल तर चार गोष्टी चुकवू नका. पक्षी पूर्ण वितळलेला हवा: फ्रिजमध्ये दर ४-५ पौंडांना २४ तास. पोकळीतून मान आणि काळीज-कलेजीची पिशवी काढून आतून-बाहेरून कागदी टॉवेलने कोरडा पुसायचा. तेलाची पातळी आधी पाण्याने मापायची: रिकाम्या पातेल्यात टर्की ठेवून ती इंचभर बुडेल इतकं पाणी घालायचं, टर्की बाहेर काढायची, पाणी जिथवर उतरेल तिथे खूण करायची, मग पातेलं आणि पक्षी दोन्ही पुन्हा खणखणीत कोरडे करायचे. आणि टर्की आत सोडताना गॅस बंद. पूर्ण बुडाल्यावर, उकळ्या शांत झाल्यावरच पुन्हा पेटवायचा. आणखी एक बारकी गोष्ट: या स्टँडांच्या बऱ्याच बर्नरना १५ मिनिटांचा टायमर असतो. तो दर वेळी पुन्हा लावला नाही तर गॅस आपोआप बंद होतो, आणि तेल थंड पडत चाललंय हे गप्पांच्या नादात कुणाच्याच लक्षात येत नाही. निवत्या तेलातली टर्की तेल पिते.

ऑइल-लेसमध्ये अर्धवट गोठलेला पक्षी घातला तर भडका उडत नाही, पण जेवण बिघडतं. बाहेरची छाती लाकडासारखी होते आणि मांडीच्या सांध्याशी रक्ताळ कच्चेपणा राहतो. सुरक्षित आहे म्हणून वितळवण्यात कसर करायची नाही. बर्फाने भरलेल्या कूलरमध्ये टर्की वितळतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे घरून निघण्याआधीच ती फ्रिजमध्ये पूर्ण वितळवून घ्या. कूलर ४० अंश फॅरनहाइटच्या (४ सेल्सियस) खालीच हवा. कॅम्पवर पोचून लक्षात आलं तर गळती नसलेल्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवायची, पौंडामागे अर्धा तास, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. १४ पौंडांना सात तास. म्हणजे दुपारचं जेवण रात्रीवर गेलं.

मसाल्याच्या बाबतीत मात्र तंदूर मराठी हाताला जास्त मानवतो. तेलात बाहेरून लावलेला मसाला टिकत नाही. सुटून तळाशी बसतो, जळतो आणि सगळ्या तेलाला कडवटपणा देतो. दह्यातलं मॅरिनेशन तर तेलात नकोच, ते पाणीच आहे. म्हणून तेलासाठी मसाला सुईने मांसात टोचतात. ऑइल-लेसमध्ये आदल्या रात्री मीठ, हळद, काश्मिरी तिखट आणि धणे-जिरेपूड चोळून पक्षी फ्रिजमध्ये उघडा ठेवला की कातडी सुकते आणि दुसऱ्या दिवशी छान कडक होते. आलं-लसणाचं वाटण कातडीच्या आत, मांसाला लावा. वर राहिलं तर करपतं. साखर, गूळ, मध यांचंही तेच. गोड काही हवंच असेल तर उतरवल्यावर.

कॅम्पसाठी निवड करायची तर आमच्या मते ती ऑइल-लेसचीच. साडेतीन गॅलन तेल म्हणजे १३ लिटर, १२ किलो. आपल्याकडचा तेलाचा अख्खा डबा जवळजवळ. तो न्यायचा, उतारावर न सांडता उकळायचा, निववायचा, गाळायचा आणि परत आणायचा, कारण जंगलात ओतता येत नाही. इतकं करून एक पक्षी. (अंगणात पाठोपाठ तीन-चार टर्की तळायच्या असतील तर हिशोब बदलतो, आणि खरं सांगायचं तर पंखाखालच्या घड्यांपर्यंत फुललेली ती कातडी तेलाशिवाय मिळत नाही.)

गॅसचा हिशोबही सोपा आहे. एक पौंड प्रोपेनमध्ये सुमारे २१,५०० बीटीयू असतात, म्हणजे १६,००० च्या बर्नरला तासाला पाऊण पौंड. २० पौंडांचं भरलेलं सिलिंडर पंचवीस तासांहून जास्त चालतं. कॅम्पच्या स्टोव्हचा एक पौंडाचा हिरवा डबा अडॅप्टरने जोडण्याचा मोह होतो, पण तो दीड तासही पुरत नाही. शिवाय छोट्या डब्यातून सतत गॅस ओढला की डबा गार पडतो, दाब उतरतो आणि टर्की निम्म्यावर असताना ज्योत मिणमिणते. मोठं सिलिंडरच न्या.

जागा सपाट, सुक्या पानांपासून मोकळी, तंबूपासून किमान दहा फूट लांब. पाऊस आला म्हणून छताखाली किंवा तंबूच्या पडवीत ओढायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा, पण खालच्या झरोक्यांना चिकटून नव्हे.

यंत्र नवं असेल तर आधी आतल्या भिंतीला तेलाचा हात फिरवून धूर थांबेपर्यंत रिकामं तापवा. स्वयंपाकाच्या दिवशी जोडणीला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. नॉब बंद असताना सिलिंडरची चावी सावकाश उघडा. झटक्यात उघडली तर रेग्युलेटर गळती समजून गॅस आवळतो आणि ज्योत मोठी होतच नाही. तसं झालं तर सगळं बंद करून मिनिटभर थांबा आणि पुन्हा हळू उघडा. जाळीची टोपली बाहेर असतानाच पेटवायचं, नॉब हायवर ठेवून तिथेच राहू द्यायचा.

टोपलीला आतून तेल लावा, नाहीतर काढताना कातडी जाळीलाच राहते. पंख सुती दोऱ्याने अंगाशी बांधा, कारण बाहेर आलेलं टोक भिंतीजवळ जाऊन कोळसा होतं. पोटात सारण भरू नका. भिंतीची धग तिथवर वेळेत पोचत नाही. थर्मामीटरची सुई छातीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता. तिथे आणि मांडीच्या आतल्या भागात १६५ अंश (७४ सेल्सियस) झाले की पक्षी शिजला. मांडी १७५ पर्यंत गेली तर अधिक चांगली लागते, हाडाशी चिवट राहत नाही. वरचा भाग फिका दिसत असेल तर शेवटची १५-२० मिनिटं जाळीचं झाकण ठेवा. जाळीऐवजी फॉइल किंवा ताट झाकायचं नाही, आतली धग कोंडते आणि ज्योतीला हवा मिळत नाही. काढल्यावर २० मिनिटं पक्षी तसाच ठेवा, मग कापा.

वर्षभर गॅरेजमध्ये पडलेल्या यंत्राची ज्योत पिवळी, काजळी धरणारी निघाली तर बर्नरच्या नळीत बहुधा कोळ्याने जाळं केलेलं असतं. बारीक ब्रशने नळी साफ केली की ज्योत निळी होते. कुटुंब लहान असेल तर टर्कीचा हट्टही सोडा. चार पौंडांची कोंबडी याच टोपलीत पाऊण ते एक तासात होते.

ट्रेमध्ये साठलेल्या रसाची ग्रेव्ही करता येते, तेलाच्या फ्रायरमध्ये ही चैन नाही. पण ट्रे रात्री बाहेर विसरू नका. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानासारख्या अस्वलांच्या मुलखात वास येणारी प्रत्येक वस्तू लोखंडी पेटीत ठेवायचा नियम आहे. यंत्र निवल्यावर आतली भिंत पुसून घ्या, आणि ट्रे, टोपली, चरबी पुसलेले कागद सगळं झोपण्याआधी त्या पेटीत.