आमारोने

इटलीच्या वेनेतो प्रांतात, वेरोना शहराच्या उत्तर-वायव्येला पसरलेल्या वाल्पोलिचेल्ला या डोंगराळ पट्ट्यात, सुकवलेल्या द्राक्षांपासून केल्या जाणाऱ्या रेड वाइनला आमारोने म्हणतात. कोर्विना हे तिचे मुख्य द्राक्ष असून कोर्विनोने व रोंदिनेल्ला या स्थानिक जातींची त्याला जोड मिळते.

ही वाइन मळ्यात जेवढी घडते, त्याहून अधिक माळ्यावर घडते. हाताने खुडलेले निवडक घड ‘फ्रुत्ताइओ’ नावाच्या हवेशीर माळ्यांवर, पूर्वी वेताबांबूच्या ताट्यांवर आणि आता बहुधा उथळ पेट्यांमध्ये, एकेरी थरात पसरून तीन-चार महिने ठेवले जातात. या काळात त्यांचे वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटते, साल सुरकुतते आणि उरलेल्या रसात साखर दाट होते. दोन मण्यांच्या बेचक्यात ओल राहिली तरी बुरशी धरते, म्हणून मुळात सुटसुटीत घडच निवडावे लागतात आणि पुढेही नासका मणी वेळीच काढावा लागतो. ऐन हिवाळ्यात घड चुरडले जातात. थंडीमुळे रस संथपणे आंबतो आणि जवळजवळ सर्व साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. नियमानुसार मद्यार्क किमान १४ टक्के लागतो; प्रत्यक्षात तो १५-१६ टक्क्यांपर्यंत जातो.

सुकवलेल्या द्राक्षांची वाइन या भागात फार जुनी आहे. सहाव्या शतकात कासिओदोरुस या रोमन मुत्सद्दी लेखकाने वेरोनाच्या अशा वाइनची वाखाणणी केली होती. तिचा वारसा सांगणारी ‘रेचोतो’ गोड असते, कारण तिचे आंबणे मध्येच थांबते. ते न थांबता गोडवा संपला की हाती येते ती आमारोने. ‘आमारो’ म्हणजे कडू. १९३६ साली वाल्पोलिचेल्लातील नेग्रार गावच्या सहकारी वाइन-तळघरात विसरून राहिलेल्या रेचोतोच्या पिंपातून हे नाव निघाले, अशी कथा सांगतात. बाजारात ती १९५० च्या दशकात स्थिरावली आणि २०१० मध्ये तिला इटलीतील सर्वोच्च उगमदर्जा (वाइनचा प्रदेश व पद्धत यांची अधिकृत हमी) मिळाला.

नाव ऐकून कडवटपणाची अपेक्षा ठेवणाऱ्याला पहिला घोट चकित करतो. सुकी चेरी, अंजीर, कोको आणि तंबाखूची आठवण देणारा भारदस्त गंध, जिभेवर मऊ व जड रस, आणि घोट उतरल्यावर मागे राहणारी जेमतेम कडसर चव, असा तिचा स्वभाव आहे. किमान दोन वर्षे मुरल्याशिवाय ती विकता येत नाही. मुरवलेले चीज आणि मंद आचेवर शिजवलेले मांस तिच्याबरोबर खातात. वेरोनात तर तिच्यातच भात शिजवून जांभळट रिझोत्तो करतात. तिचा चोथाही वाया जात नाही: त्यावर वाल्पोलिचेल्लाची साधी वाइन पुन्हा आंबवून ‘रिपास्सो’ ही स्वस्त पण भरदार वाइन काढली जाते.