उंदीर, हिमनद्या आणि बुटाचा तळवा: दक्षिण जॉर्जियाची गोष्ट

दक्षिण जॉर्जिया बेटावर उतरण्याआधी जहाजावर एक काम सक्तीचं असतं. प्रवासी आपलं जाकीट, वॉटरप्रूफ पँट, पाठपिशवी, ट्रायपॉड सगळं घेऊन एका दालनात जमतात. खिशांच्या कोपऱ्यांतून व्हॅक्यूम क्लीनर फिरतो. बुटांच्या तळव्यातल्या खाचांमध्ये रुतलेले खडे आणि माती टोकदार काडीने उकरून काढायची, मग बूट जंतुनाशकात बुडवायचे. सगळ्यांत जास्त वेळ खातं ते वेल्क्रो. त्याच्या बारीक आकड्यांत अडकलेली कुसळं चिमट्याने एकेक करून वेचावी लागतात. बेटाजवळ पोचलं की तिथल्या सरकारचा अधिकारी जहाजावर येतो, बूट उलटे करून पाहतो, वेल्क्रोचे पट्टे उघडून पाहतो. त्याचं समाधान झालं नाही तर साफसफाई पुन्हा पहिल्यापासून.

एवढा खर्च करून पेंग्विन पाहायला आलेल्या माणसाला कुसळं वेचायला बसवणं विचित्र वाटेल. पण माझ्या मते या संपूर्ण सफरीतला सगळ्यांत महत्त्वाचा तास तोच. बाहेरचं बी किंवा जंतू बेटावर पोचू नयेत, यासाठी ही सगळी धडपड. ती एवढी महत्त्वाची का, ते कळायला या बेटाचा इतिहास माहीत हवा.

दक्षिण जॉर्जिया हे दक्षिण अटलांटिकमधलं ब्रिटनच्या ताब्यातलं बेट. लांबी साधारण १६५ किलोमीटर, निम्म्याहून जास्त भाग बर्फाखाली, आणि समुद्रातून थेट वर चढत गेलेला माउंट पॅजेट २,९०० मीटरहून उंच. विमानतळ नाही, त्यामुळे फॉकलंड बेटांवरून दोन-तीन दिवसांचा समुद्रप्रवास करूनच पोचता येतं. वाटेत एका ठिकाणी पाण्याचं तापमान काही तासांत दोन-तीन अंशांनी उतरतं. अंटार्क्टिकाभोवतीचं थंडगार पाणी उत्तरेकडच्या कोमट पाण्याला भिडून त्याच्याखाली जातं, ती ही सीमा. बेट या सीमेच्या दक्षिणेला, म्हणजे थंड बाजूला आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडून येणारे प्रवाह क्रिल नावाचे कोळंबीसारखे, बोटभर लांबीचे जीव इथे आणून सोडतात. बेटाच्या किनाऱ्यांवर लाखोंच्या संख्येने जे पक्षी आणि सील दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचं पोट या क्रिलवर नाहीतर त्या सीमेवर मिळणाऱ्या माशांवर भरतं.

जेम्स कुक १७७५च्या जानेवारीत इथे उतरला. त्याला जमीन उजाड वाटली, पण किनाऱ्यावर सील आहेत ही नोंद त्याने केली आणि तेवढी पुरेशी ठरली. कातड्यासाठी फर सीलची कत्तल सुरू झाली. १८००-०१च्या एकाच हंगामात ‘अ‍ॅस्पेशिया’ या एका जहाजाने ५७ हजार कातडी नेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फर सील संपल्यातच जमा होते. मग पाळी आली देवमाशांची. कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेच्या दर्यावर्द्याने १९०४ साली ग्रिटविकेन इथे पहिला कारखाना उभारला. तिथे देवमासे ओढून आणायचे, चरबी सोलायची, उकळून तेल काढायचं. १९०४ ते १९६५ या काळात या बेटावर १,७५,२५० देवमासे कापले गेले. कारखाने बंद पडले ते कुणाला दया आली म्हणून नाही. मारायला देवमासेच उरले नाहीत. चरबी उकळण्याच्या गंजलेल्या टाक्या अजून तिथे उभ्या आहेत आणि जवळच्या लहानशा दफनभूमीत ध्रुवप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टनची कबर आहे. सफरीला आलेली बहुतेक माणसं आधी त्या कबरीकडे वळतात. मला त्या टाक्या अधिक पाहण्यासारख्या वाटतात.

कातडी आणि तेल घेऊन जाणाऱ्या जहाजांनी मागे एक पाहुणा सोडला: तपकिरी उंदीर. या बेटावर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मुळात नव्हता. त्यामुळे इथले पक्षी निर्धास्तपणे जमिनीवर किंवा बिळांत अंडी घालत. उंदरांना आयतं ताट मिळालं. पेट्रेलसारखे बिळांत राहणारे सागरी पक्षी मोठ्या प्रदेशांतून नाहीसे झाले. जगात इतरत्र कुठेही न आढळणारा दक्षिण जॉर्जिया पिपिट हा इथला एकमेव गाणारा पक्षी, आणि जगातला सर्वांत दक्षिणेकडचाही. आपल्या माळरानांवर दिसणाऱ्या तीरचिमणीच्याच भावकीतला. तो उंदीर न पोचलेल्या छोट्या बेटांपुरता आणि किनाऱ्याच्या काही तुकड्यांपुरता उरला.

आता इथे हिमनद्यांचा संबंध येतो, आणि मला या गोष्टीचा हा भाग विलक्षण वाटतो. बेटावरच्या मोठ्या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. उंदीर बर्फाच्या त्या रुंद भिंती ओलांडत नाहीत. त्यामुळे एक सलग दिसणारं बेट उंदरांच्या दृष्टीने अनेक वेगवेगळ्या तुकड्यांत विभागलेलं होतं. एक तुकडा साफ केला की शेजारच्या तुकड्यातले उंदीर तिथे येऊ शकत नव्हते, म्हणजे काम टप्प्याटप्प्याने करता येणार होतं. पण हवामान तापतंय तशा हिमनद्या मागे सरकत होत्या. हिमनदीचं तोंड समुद्रापासून मागे हटलं की समोर मोकळा किनारा तयार होतो आणि उंदरांना वाट मिळते. आणखी काही वर्षं थांबलं असतं तर तुकडे जोडले जाऊन सगळं बेट एकाच वेळी साफ करावं लागलं असतं, आणि एवढ्या मोठ्या प्रदेशावर ते जवळजवळ अशक्य होतं.

साउथ जॉर्जिया हेरिटेज ट्रस्टने २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन टप्प्यांत हे काम केलं. हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या बादल्यांतून विषारी गोळ्या टाकल्या गेल्या, एकूण ३०० टनांच्या आसपास. हेलिकॉप्टर जीपीएसने आखलेल्या रेषांवरून उडत होती. एकही पट्टा सुटून चालणार नव्हता, कारण उंदराची एक जोडी वाचली तरी सगळी मेहनत वाया. हंगाम मुद्दाम उन्हाळा सरताना निवडला होता, तेव्हा उंदरांना खाणं कमी मिळतं. यात काही स्कुआ (शिकारी सागरी पक्षी) आणि बदकंही मेली, हे लपवलं गेलं नाही आणि लपवूही नये. नंतर उंदीर उरलाच असेल तर त्याने कुरतडाव्यात म्हणून हजारो ठिकाणी खुणेच्या वस्तू ठेवल्या, वास काढणारे कुत्रे डोंगर-किनाऱ्यांवरून फिरवले. एकही उंदीर सापडला नाही. मे २०१८मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं. तोवर वर्षानुवर्षं जिथे पिपिट ऐकू येत नव्हता, तिथे त्याची घरटी सापडू लागली होती.

नॉर्वेच्या लोकांनी १९११ साली शिकारीसाठी आणलेले रेनडिअरही याच काळात हटवण्यात आले. त्यांनी तुडवलेलं टसॅक गवत आता पुन्हा डोक्याइतकं वाढू लागलं आहे.

सफरीवर येणारा माणूस पाहायला येतो ते प्रामुख्याने किंग पेंग्विन. सेंट अँड्र्यूज बे इथे त्यांच्या सुमारे दीड लाख जोड्या आहेत. या पेंग्विनला पिल्लू वाढवायला १४ ते १६ महिने लागतात, वर्षाच्या चौकटीत ते बसत नाही. त्यामुळे कधीही गेलात तरी कुणी अंड्यावर, कुणी पिसं झाडत, कुणी जोडीदार शोधत, असं सगळं एकाच वेळी चालू असतं. अंडं एकच. घरटं नाही. अंडं पायांवर ठेवून वरून पोटाची घडी ओढून घ्यायची आणि सुमारे ५४ दिवस आईबापांनी पाळीपाळीने उभं राहायचं. पिल्लाला दाट तपकिरी लव असते, इतकी वेगळी की सुरुवातीच्या प्रवाशांना ती पेंग्विनची दुसरीच जात वाटली होती. ऐन हिवाळ्यात आईबाप दूर समुद्रात जातात आणि पिल्लं कित्येक आठवडे उपाशी, एकमेकांना चिकटून उभी राहतात.

मग समुद्रातून परतलेल्या आईला एवढ्या गर्दीत आपलं पिल्लू सापडतं कसं? घरट्याची खूण नाही, चेहरे सारखे. उत्तर आवाजात आहे. पक्ष्याच्या स्वरयंत्राच्या दोन फांद्या असतात आणि किंग पेंग्विन त्या दोन्हींतून एकाच वेळी किंचित वेगळ्या उंचीचे दोन सूर काढतो. त्या दोन सुरांच्या मेळातून एक थरथर तयार होते आणि ती प्रत्येकाची निराळी. गोंगाटातही पिल्लू नेमकी ती ओळखून धावत येतं.

बेटाच्या वायव्य टोकाला असलेल्या बर्ड आयलंडवर वाँडरिंग अल्बट्रॉस आहेत, पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत. बेटाभोवतीच्या मासेमारीत आता गळ रात्री आणि जड वजन लावून सोडतात, म्हणजे ते पक्ष्यांच्या तोंडी लागण्याआधीच खोल जातात. तरीही अल्बट्रॉस घटत आहेत, कारण ते अन्नासाठी हजारो किलोमीटर दूर, इतरांच्या बोटींमागे जातात.

बूट-कपडे साफ करून अडवता न येणारं संकटही आलं. ऑक्टोबर २०२३मध्ये बर्ड आयलंडवरच्या स्कुआंमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. तो स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर दक्षिण अमेरिकेकडून आला असावा. पाठोपाठ एलिफंट सील मरू लागले. मोठ्या किनाऱ्यांवर पिल्लं घालायला येणाऱ्या माद्या २०२२च्या तुलनेत २०२४मध्ये ४७ टक्क्यांनी कमी मोजल्या गेल्या. तेव्हापासून प्रवाशांनी किनाऱ्यावर बसू नये, गुडघे टेकू नयेत, पिशवी खाली ठेवू नये, असे नियम आले.

मग लोकांनी तिथे जावंच का, हा प्रश्न रास्त आहे. एका वेळी किनाऱ्यावर १०० हून जास्त माणसं नकोत, प्राण्यांपासून किमान पाच मीटर अंतर, रात्री पक्षी दिव्यांकडे येऊन आपटू नयेत म्हणून जहाजाच्या खिडक्या झाकलेल्या, हे नियम चांगले आहेत. जहाज आणि विमानाच्या धुराचा हिशेब मात्र त्यांतून सुटत नाही, आणि धुरानेच तर हिमनद्या मागे हटत आहेत. साठ अंश दक्षिणेपलीकडे, म्हणजे खुद्द अंटार्क्टिकात, पर्यटकांची संख्या आता हंगामाला लाखाच्या वर गेली आहे. मे २०२४मध्ये अंटार्क्टिक कराराच्या सदस्य देशांची बैठक भारताने कोची इथे भरवली, तेव्हा पर्यटनासाठी सर्वसमावेशक नियमावली बनवायची चर्चा सुरू झाली. ती लवकर पुरी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आणि कुसळं वेचायचा चिमटा फक्त पर्यटकांच्या हाती देऊन भागणार नाही. २००७-०८च्या हंगामात अंटार्क्टिकात येणाऱ्यांचे कपडे आणि पिशव्या तपासल्या, तेव्हा ज्यांच्याकडे बिया सापडल्या त्यांच्याकडे माणशी सरासरी नऊहून जास्त होत्या. असे बी-वाहक पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञ आणि तळावर काम करणाऱ्यांत जास्त निघाले, कारण त्यांचे बूट आणि पिशव्या आधी बऱ्याच डोंगररानांतून फिरलेल्या असतात. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती तळांवर जाणाऱ्या आपल्या माणसांनाही हे तितकंच लागू आहे.

देवमासे मात्र परतत आहेत. २०२०च्या सुरुवातीला ब्रिटिश शास्त्रज्ञांना बेटाभोवतीच्या पाहणीत ५५ निळे देवमासे दिसले. कधी सफरीला गेलात आणि हंपबॅक जातीच्या देवमाशाने शेपटी वर काढली, तर खालच्या बाजूचा फोटो घ्या आणि तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा. तिथले काळे-पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात. ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळावर तो फोटो पाठवला की हाच देवमासा आधी कधी, कुठे दिसला होता याच्याशी तो ताडून पाहिला जातो.