रुमालाखालचा खुळखुळा

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मध्यंतरी एक फलक लागला होता: बोटांच्या ठशांवरून बाळाची बुद्धिमत्ता ओळखा. याला काडीचाही वैज्ञानिक आधार नाही. ठशांच्या रेघा आईच्या पोटातच पक्क्या होतात. मेंदूतल्या जोडण्या मात्र जन्मानंतर वर्षानुवर्षं घडत राहतात. बाळाची वाढ कळून घ्यायची, तर त्याला खेळताना पाहावं.

एक खुळखुळा बाळासमोर रुमालाखाली झाका. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळ रुमाल ओढून तो काढतं. दिसेनाशी झालेली वस्तू तिथंच आहे, हे धरून ते हात घालतं. आता दोन रुमाल घ्या. डाव्याखाली दोन-तीनदा लपवा, काढू द्या. मग त्याच्या डोळ्यांदेखत उजव्याखाली ठेवा. बाळ पुन्हा डावाच रुमाल ओढतं!

ही चूक स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी टिपली. मेंदूच्या अभ्यासक अडेल डायमंड यांनी 1985 मध्ये तिचं मोजमाप केलं. लपवणं आणि शोधू देणं यांत किती वेळ गेला की बाळ चुकतं? साडेसात महिन्यांच्या बाळाला दोन सेकंदही जड जातात, वर्षाचं बाळ दहा सेकंदांपर्यंत तग धरतं. दर महिन्याला सरासरी दोन सेकंदांची भर. जागा ध्यानात धरणारा आणि सवयीच्या हालचालीला आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग याच काळात तयार होत असतो. पुढे मानसशास्त्रज्ञ लिंडा स्मिथ आणि एस्थर थेलन यांना 1999 मध्ये दिसलं, की बसलेल्या बाळाला लपवण्याची जागा बदलण्याआधी उभं केलं तर ते सहसा चुकत नाही. अंगाची ठेवण बदलली की हाताची जुनी वाट सुटते. म्हणजे चूक नुसती डोक्यातली नाही, अंगातलीही आहे.

म्हणून बाळाची वाढ तपासणाऱ्या एकट्या तज्ज्ञाची फसगत होऊ शकते. बाळानं रुमालाला हातच लावला नाही, तर बुद्धी कमी म्हणायची? कदाचित ते दोन्ही हात जमिनीला टेकून तोल सावरत असेल. फिजिओथेरपिस्टनं कमरेला आधार दिला की हात मोकळा होतो, रुमाल निघतो. कदाचित नजर अधू असेल, कदाचित खुळखुळा ऐकूच जात नसेल. म्हणून चांगल्या तपासणीत तज्ज्ञांपैकी एक जण चटईवर बाळाशी खेळतो, आई जवळ बसते आणि बालरोगतज्ज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ बाजूला बसून तोच खेळ पाहतात. आजी म्हणाली, “घरी तर लगेच काढतंय की,” तर तेही लिहून घेतात.

उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या जिभेला वेखंड चोळत वाट पाहू नये. आधी कान तपासावेत. चालण्याची घाई मात्र नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं 8.2 ते 17.6 महिन्यांदरम्यान कधीही एकटी चालू लागली.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत मुलं तपासतात आणि शंका आली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवतात. तिथं जाताना बाळाची झोप आणि पोट दोन्ही भरलेलं असू द्या, घरचं आवडतं खेळणं बरोबर घ्या. पेंगुळलेल्या बाळानं रुमाल उचलला नाही, तर त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.