बार्शी लाईट फुटाला साडेतीन मिलिमीटरनेच का?

बार्शी लाईट या अडीच फुटी रुळांच्या जुन्या रेल्वेचं मॉडेल म्हणून केलेली कुर्डुवाडी स्टेशनाची मांडणी प्रदर्शनात लागली की दोन प्रश्न हमखास येतात. छोट्या रुळावरची गाडी धावते, मग शेजारच्या मोठ्या रुळावरची मालगाडी ढिम्म का उभी? आणि ही गाडी एवढी बारकी का केली, जरा मोठी केली असती तर डबे नीट दिसले नसते का? दोन्हींचं उत्तर एकाच निर्णयात आहे: खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर धरायचे. तो निर्णय सोलापूरच्या मॉडेल करणाऱ्या या गटाला अजून पूर्ण पचलेला नाही, म्हणून तो कसा झाला हे एकदा सांगायला हवं.

गटाची मुळं दिवाळीच्या किल्ल्यांत असल्याचं दरवेळी कुणीतरी सांगतंच. ते अर्धंच खरं आहे. दिवाळीच्या किल्ल्याला प्रमाण नसतं. मावळा दरवाज्यापेक्षा उंच, महाराज बुरुजापेक्षा उंच, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. ज्या वर्षी काही पोरांनी सोलापूरचा भुईकोट करायला घेतला, दुहेरी तट आणि खंदक पावलं टाकून मोजला आणि मग बाजारातले मावळे त्यात बसेनात म्हणून वैतागली, तिथून फार तर सुरुवात धरता येईल. खरी माणसं आली ती तीन वाटांनी. एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्साच्या हलक्या लाकडाची ग्लायडरं उडवलेली मंडळी, गणपतीच्या हलत्या देखाव्यांत मोटारी बसवणारी मंडळी, आणि गिरण्यांमधले किंवा शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यांतले जॉबर. या तिसऱ्यांना कमी लेखू नये. माग चालता ठेवणाऱ्या माणसाला कानस कशी धरायची आणि दोन भागांत खेळ, म्हणजे सैलपणा, किती ठेवायचा हे शिकवावं लागत नाही.

मधली बरीच वर्षं विमानांची. त्या काळाबद्दल फार लिहीत नाही, कारण तेव्हाचं काम बहुतेक किटचं, म्हणजे डब्यातले तयार भाग जोडण्याचं होतं, आणि किटमध्ये प्रमाणाचा वाद उद्भवतच नाही; तो डब्यावर छापून आलेला असतो. विमानांसाठी १:७२ रूढ झालं ते सहा फुटांना एक इंच या हिशोबाने. रणगाड्यांचं १:३५ तर एका जपानी कंपनीने पहिल्या रणगाड्यात बॅटऱ्या आणि मोटर बसावी म्हणून घेतलं आणि पुढे सगळ्यांच्या गळ्यात पडलं. म्हणजे प्रमाणं कुठल्या शास्त्रातून आली असं समजण्याचं कारण नाही.

गटाने त्या काळात स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट केली, ती भारतीय हवाई दलाच्या खुणांची. मिग-२१ चं किट मिळायचं, पण खुणा बहुधा परदेशी निघायच्या. केशरी, पांढरं, मधे हिरवं असं वर्तुळ घरच्या प्रिंटरवर डेकल कागदावर (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांच्या कागदावर) काढायचं, तर प्रिंटरमध्ये पांढरी शाईच नसते. पारदर्शक कागदावर छापलेलं वर्तुळ राखाडी पंखावर चिकटवलं की पांढऱ्याच्या जागी राखाडी. शेवटी पांढऱ्या तळाचा कागद घेऊन वर्तुळ कडेने अचूक कापायचं, हा उपाय निघाला. ते कापण्याचं काम ज्यांच्याकडे होतं तेच पुढे रेल्वेत डब्यांच्या खिडक्या कापायला बसले.

रेल्वेचा विषय निघाला तो लाईन बदलल्यावर. मिरज-कुर्डुवाडी-लातूर हा सगळा अडीच फुटी मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला, आणि २०१० च्या आसपास छोटी गाडी जिल्ह्यातून गेलीच. बार्शी लाईट कुणी बांधली, कुठून कुठे गेली हे इथे सांगत नाही. मॉडेलच्या दृष्टीने महत्त्वाच्या बाबी तेवढ्या दोन. पहिली म्हणजे गेज, दोन रुळांमधलं अंतर, २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी. दुसरी, जी बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते: १८९७ ला ही लाईन सुरू करताना तिचा इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉपने एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको असं धरलं आणि मालडब्यांना एकच मापाचा सांगाडा दिला, २५ फूट लांब, ७ फूट रुंद. एक सांगाडा नीट जमला की त्यावर उघडा डबा, बंद डबा, काहीही चढवता येतं. मॉडेलवाल्याला यापेक्षा आणखी काय हवं? (हे डबे इकडे येण्याआधी लीड्सजवळ खास रूळ टाकून लोकांना चालवून दाखवले होते. बार्शी लाईटचं पहिलं प्रदर्शन विलायतेत झालं, हा गटातला जुना विनोद.)

स्टेशन कुर्डुवाडीच का, यावर मात्र दुमत नव्हतं. तेव्हाचं बार्शी रोड. मोठी लाईन आणि छोटी लाईन शेजारी शेजारी, आणि मधे हमालांनी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात माल उतरवायचा धक्का. दोन रुळांमधला फरक डोळ्यांना दिसावा, हाच मांडणीचा विषय. आणि तिथेच गाडी अडली.

बाजारात सहज तयार मिळणारे रूळ दोन, १६.५ मिमी आणि ९ मिमी. गटापुढे प्रमाणं दोन, फुटाला ४ मिमी (१:७६) आणि फुटाला ३.५ मिमी (१:८७). पहिलं इंग्रजांचं. त्यांची इंजिनं अंगाने बारीक, त्यात मोटर बसेना, म्हणून त्यांनी गाडी थोडी मोठी केली आणि रूळ तेवढाच ठेवला. ती तडजोड आजपर्यंत चालू आहे. दुसरं बाकी युरोप-अमेरिकेचं.

चार मिमीवाल्यांची बाजू कागदावर भक्कम होती. नकाशे फूट-इंचांत. अडीच फुटाचे बरोबर १० मिमी, २५ फुटांचा डबा बरोबर १०० मिमी, रुंदी २८. कॅल्क्युलेटर लागतच नाही. साडेतीन मिमीत तेच आकडे ८.७५, ८७.५ आणि २४.५ असे येतात. शिवाय चार मिमीचं मॉडेल मोठं दिसतं, म्हाताऱ्या डोळ्यांना आणि प्रदर्शनातल्या पोरांना दोघांनाही बरं. हे सगळं खरंच आहे.

पण १० मिमीचा रूळ कुणी विकत नाही. ९ मिमीच्या रुळावर चार मिमीची गाडी उभी केली की ती अडीच फुटी उरत नाही, सव्वादोन फुटी होते. समोरून पाहिलं की गाडी अरुंद पाटावर बसलेल्या जाड माणसासारखी दिसते. उलट साडेतीन मिमीत हवे ८.७५ आणि मिळतात ९. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. परदेशी मोटर-सांगाडे जसेच्या तसे वापरता येतात, चाकं सरकवायची भानगड नाही, आणि ९ मिमी रुळावरच्या छोट्या इंजिनांची चाकं नॅरोगेजच्या बारक्या चाकांच्या मापाला जवळपास जुळतात.

मोठ्या रुळाने मात्र दोघांनाही अडचणीत आणलं. भारतीय ब्रॉडगेज साडेपाच फूट. साडेतीन मिमीने १९.२५ मिमी, चार मिमीने २२. हातात १६.५. तो तयार रूळ टाकला तर साडेतीनवाल्यांची लाईन जवळपास पाऊण फुटाने खोटी, चारवाल्यांची सव्वा फुटाहून जास्त. दोन गेजमधला फरक दाखवायला मांडणी करायची आणि मोठी लाईनच अरुंद टाकायची, हे बरं दिसलं नसतं. तिसरा एक पक्षही उभा राहिला. १६.५ लाच ब्रॉडगेज माना, प्रमाण आपोआप १:१०२ च्या जवळ जातं. मग अडीच फुटांचे होतात साडेसात मिमी, आणि तोही रूळ कुठे मिळत नाही. हा पक्ष एका बैठकीत उभा राहिला आणि त्याच बैठकीत बसला.

यावर किती संध्याकाळी गेल्या याची गणती नाही. सुपारी चघळत ऐकणाऱ्या एका ज्येष्ठांनी मधेच विचारलं होतं, "पाव मिलिमीटरसाठी भांडूलालाव का बे?" पण भांडण पाव मिलिमीटरचं नव्हतंच. प्रेक्षकाला काय दिसावं आणि मापपट्टी घेऊन येणाऱ्याला काय दिसावं, यातलं मोठं काय, हे ठरवायचं होतं. शेवटी साडेतीन मिमी ठरलं. छोटी लाईन ९ मिमीच्या तयार रुळावर धावती, आणि मोठी लाईन १९.२५ मिमीवर हाताने अंथरलेली, पण फक्त उभी. त्या मापाची चाकं आणि इंजिन करायची ताकद गटात तेव्हा नव्हती, आजही नाही. ढिम्म उभ्या मालगाडीचं कारण एवढंच आहे.

निर्णय बरोबर होता असंच आकडे सांगतात. घेतला त्या पद्धतीबद्दल तसं म्हणता येत नाही. हात वर करून मत घेतलं, तेव्हा चार मिमीवाल्यांतले दोन अनुभवी कारागीर गावाला गेले होते. त्यांच्या डब्यांचा एक अख्खा रेक, म्हणजे गाडीभर डब्यांची माळ, तोपर्यंत तयार होता. ते नंतर फारसे फिरकले नाहीत, आणि तो रेक कुणाच्या तरी माळ्यावर आहे.

पुढचं काम माणसांचं निघालं. १:७६ ला विलायती बस आणि पोलीस मिळतात, १:८७ ला जर्मन स्टेशनमास्तर. पंढरीचा वारकरी कुणीच विकत नाही. वास्तुरचनाकार वापरतात ते शंभराच्या पाकिटातले चिनी पुतळे आणले गेले. सगळे कोटात. कोटाचा घोळ पात्याने खरवडायचा, पातळ टिश्यूची पट्टी फेविकॉलच्या पाण्यात भिजवून कमरेभोवती गुंडाळायची आणि ओली असतानाच सुईने निऱ्या पाडायच्या. वाळल्यावर पांढऱ्यात चिमूटभर पिवळी माती मिसळून रंगवायचं, कारण निव्वळ पांढरं धोतर त्या आकाराला प्लास्टिकचंच दिसतं. माप तपासायची युक्तीही कुर्डुवाडीच्याच रुळाने दिली. साडेपाच फुटी माणूस आणि साडेपाच फुटी गेज. वारकरी मोठ्या लाईनवर आडवा झोपवला की डोकं एका रुळाला आणि टाचा दुसऱ्याला लागल्या पाहिजेत. लोंबकळला तर बाद.

आषाढीच्या गर्दीत इथे माणसं मालडब्यांतूनही नेली जात. त्यामुळे उघड्या डब्यात खच्चून वारकरी भरले तरी इतिहासाला धक्का लागत नाही आणि डब्याच्या आतल्या बाजूचं काम वाचतं.

बाकी सामान गावातलंच. झाडांच्या पाल्याला टॉवेलच्या यंत्रमागाखाली साठणारा सुताचा भुगा, हिरव्या-करड्या रंगात उकळून. परदेशी पाकिटातल्या पाल्यापेक्षा बाभळीला तोच शोभतो, यात शंका नाही. जमिनीला काळी माती वस्त्रगाळ करून. डब्यांच्या बाजूंना बाद झालेली एटीएम कार्डं, पाऊण मिलिमीटर जाड आणि सरळसोट. पत्र्यावरचे रिव्हेट काढायला मिठाईच्या अ‍ॅल्युमिनियम ट्रेचा तळ उलटा ठेवून संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने टिंबं द्यायची. दाब कमी-जास्त झाला की आख्खी पट्टी वाया.

सोलापूरच्या हवेचा हिशोब सुरुवातीला कुणी केला नव्हता. पहिला फलाट सनबोर्डचा, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीचा होता. एका मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत राहिला आणि मधोमध फुगला. तेव्हापासून पायाभूत सगळं मरीन प्लायवर. अ‍ॅक्रिलिक रंग उन्हाळ्यात ब्रशवरच वाळतो, म्हणून रंगकाम पावसाळ्यात आणि पत्र्याचं काम उन्हाळ्यात, अशी विभागणी आपोआप पडली आहे.

थ्रीडी प्रिंटर आल्यावर जुना वाद पुन्हा तोंड वर काढतो. फाईल एकच, प्रमाण बदलून कितीही वेळा छापा, मग साडेतीन काय आणि चार काय, असं नवी मुलं म्हणतात. डब्याच्या कवचापुरतं ते बरोबर आहे. कवचाखाली मोटर आहे, मोटरखाली चाकं आणि चाकांखाली ९ मिमी, ते कुणी छापून देत नाही. आणखी एक खोट आहे, ती कबूल करायला साडेतीनवाले तयार नसतात. या लाईनचे मूळ रूळ इतके हलके होते की १:८७ मध्ये त्यांची उंची एक मिलिमीटरच्या आतच यायला हवी. तयार रूळ त्याहून बराच जाड आहे. फोटोत जवळून पाहिलं की बार्शी लाईट मेल गाडीच्या रुळावर धावताना दिसते. त्यावर उपाय म्हणून रुळांच्या कडा गंजाच्या रंगाने गडद केल्या आहेत.

काळ कुठला दाखवायचा हेही अर्धवट आहे. १९५४ ला सरकारने लाईन विकत घेण्याच्या आधीचा असं ठरलं होतं; प्रत्यक्षात धक्क्यावर दोन अ‍ॅम्बॅसडर उभ्या आहेत, आणि अ‍ॅम्बॅसडर त्यानंतरची. कुणा देणगीदाराच्या मुलाने केलेल्या म्हणून त्या हलवल्या जात नाहीत.

सध्या टेबलावर दोन कामं आहेत. एक, मालाच्या धक्क्यासाठी मांडणीची वाढीव चार फुटी फळी. दुसरं जुन्या मिलचं. गिरणीचं आवार १:८७ मध्ये घेतलं तर चिमणी ने-आण करायला अडचणीची होते, म्हणून ती तीन तुकड्यांत करावी असा प्रस्ताव आहे. होटगी रस्त्यावरची साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडल्यापासून चिमणी हा शब्द काढला तरी गटात दोन तट पडतात, त्यामुळे ते काम हळू चाललं आहे. चार मिमीवाल्यांपैकी एकाने निरोप पाठवला आहे की गिरणी त्यांच्या मापात होणार असेल तर ते विटांचं काम करून देतील.